निगेटिव्ह असल्याचा दाखला

महाराष्ट्रातील माणूस जन्मापासून मृत्यूपर्यंत कोणता ना कोणता दाखला मिळवण्याच्या उद्योगात गुंतलेला असतो. जन्माचा, शाळा सोडल्याचा, जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दर नोव्हेंबरात हयातीचा, अशा या मालिकेत 2020 साली आणखी एका दाखल्याची भर पडली. धारकाच्या नाका-घशात कोविड-19 या आजाराचा विषाणू अमुक दिवशी अमुक वाजता सापडला नाही, असे सांगणारा प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे हा दाखला होय. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते एका मर्यादित प्रश्नाचे मर्यादित उत्तर होते. परंतु वाडी, चाळ, गल्ली आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांनी त्याच्याकडे उत्तर म्हणून फारसे पाहिलेच नाही. चाचणी कोणी करावी, तिचा निकाल आधी कोणाला कळावा आणि तो कागद किती तास ग्राह्य धरावा, या प्रश्नांनी पुढील दोन वर्षे इतकी जागा व्यापली, की चाचणी ही वैद्यकीय बाब कमी आणि महसुली बाब अधिक झाली.

राज्यातील पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात आढळले, ते दुबईहून परतलेले दाम्पत्य होते. त्या काळी चाचणी प्रामुख्याने परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातील लोकांची होत असे, त्यामुळे चाचणी झालेला मनुष्य संशयित असला तरी पासपोर्टधारक आहे, एवढी प्रतिष्ठा त्याच्या वाट्यास येई. मार्चच्या मध्यास शासनाने घरीच वेगळे राहण्यास सांगितलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्यास प्रारंभ केला आणि त्यासाठी मतदानाच्या वेळी वापरली जाणारी, सहजी न पुसली जाणारी शाई योजली. लोकशाहीची खूण असलेली ही शाई हातावर दिसताच भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सारे दोन पावले मागे सरकू लागले, तेव्हा शिक्काधारकांनी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे सदरे घालून त्यावर तोडगा काढला.

खासगी प्रयोगशाळांना चाचणीची परवानगी मिळाली, तेव्हा कमाल दर 4,500 रुपये ठरवण्यात आला होता. त्याच मार्च महिन्यात मायलॅब या पुण्यातील कंपनीच्या देशी चाचणीसंचाला मान्यता मिळाली, प्रयोगशाळा वाढल्या आणि राज्य शासनाने दर टप्प्याटप्प्याने खाली आणले. जून 2020 मध्ये 2,200 (घरी येऊन नमुना घेतल्यास 2,800), ऑक्टोबरमध्ये 980, मार्च 2021 मध्ये 500 आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात 350. हे दर केंद्रावर स्वतः जाऊन नमुना देणाऱ्यांसाठी होते. दर उतरत आहेत असे दिसताच थोडे थांबावे, ही मध्यमवर्गीय सवय साथीच्या रोगालाही लावून पाहण्यात आली. आणखी महिनाभर ताप आला नाही तर हजारभर रुपये वाचतील, असा हिशेब मांडणारी कुटुंबे पुण्यात तरी दुर्मीळ नसावीत.

चाचणी टाळण्यामागे पैसा हे गौण कारण होते. निदान झाले म्हणजे आजाराबरोबर पालिकेचे पथक येई, दारावर कागद चिकटे आणि मजला किंवा इमारत प्रतिबंधित होई. अनेक गावांत गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे ठोकले जात. ज्ञानाची एवढी किंमत मोजावी लागत असेल, तर अज्ञानाकडे कल होणे स्वाभाविक होते आणि म्हणूनच त्या काळात सर्दीच्या कारणमीमांसेचे एक स्वतंत्र शास्त्र उदयास आले. पावसात भिजणे, फ्रीजमधले पाणी, कालचे ताक, फोडणीचा ठसका, उदबत्तीचा धूर, रात्रभर डोक्यावर फिरणारा पंखा आणि ‘आमच्या घराण्यातच आहे ती’ अशी वंशपरंपरा, यांपैकी एखादे कारण प्रत्येक शिंकेमागोमाग, बहुधा कोणी विचारण्यापूर्वीच, सादर होई. घरातून कोणी बाहेर पडताना शिंक आली तर ती अपशकुनाची, ही जुनी समजूत सोडून दिलेल्या घरांतही शिंकेला अचानक पूर्वीचा मान परत मिळाला, फरक एवढाच, की आता शिंकणाऱ्यालाच घरात थांबवण्यात येऊ लागले.

मुंबईत फेब्रुवारी 2021 मध्ये इमारतीत पाचपेक्षा अधिक रुग्ण असल्यास ती सील करण्याचा नियम झाला आणि त्यामुळे सहाव्या रुग्णाला गृहनिर्माण संस्थेच्या इतिहासात अभूतपूर्व स्थान प्राप्त झाले. पहिल्या पाच जणांकडे इमारतीने सहानुभूतीने पाहिले, त्यांच्या दारात वरणभाताचे डबे ठेवले, काढ्याच्या परस्परविरोधी कृती पाठवल्या. सहाव्याला कणकण जाणवताच मात्र कार्यकारिणीचे दोन सदस्य जिन्यात सुरक्षित अंतरावर उभे राहून त्याची समजूत काढू लागत, की अहो, ही साधी कणकण आहे, दोन दिवस वाफ घ्या, चाचणीचे काय, ती सोमवारनंतरही करता येईल, तोपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बऱ्या होतील आणि मग तुमची जागा मोकळी होईल. रुग्णसंख्येस सभासदसंख्येप्रमाणे कोटा लावण्याचा हा प्रयोग सहकार चळवळीच्या अभ्यासकांकडून दुर्लक्षित राहिला आहे.

याच संस्थांनी घरकामास येणाऱ्या बायकांना, वाहनचालकांना आणि दूध टाकणाऱ्या मुलांना मात्र फाटकाशीच चाचणीचा अहवाल मागितला, हेही नोंदवले पाहिजे. फाटकाच्या आत राहणारे लोक लग्नाला, बँकेत आणि ओळखीच्या दुकानाच्या मागल्या दाराने खरेदीला जाऊन येत असत. परंतु विषाणू हा स्वभावतःच फाटकाबाहेरचा असून तो पायी किंवा सायकलवरून येतो आणि मोटारीतून येत नाही, अशी या मागणीमागील अलिखित उपपत्ती होती. अहवालाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न सभेत निघाला की चर्चा लिफ्टच्या दुरुस्तीकडे वळे.

लोक चाचणीकडे येत नाहीत हे ध्यानी घेऊन शासनानेच लोकांकडे जाण्याचे ठरवले आणि 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही घरोघर पाहणीची मोहीम सुरू केली. आशा सेविका, म्हणजे आरोग्य खात्यासाठी गावात व वस्तीत मानधनावर काम करणाऱ्या स्त्रिया, आणि त्यांच्यासोबतचे स्वयंसेवक दारोदार जात, कपाळासमोर तापमापक यंत्र धरत आणि बोटाला ऑक्सिमीटर लावत. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण त्वचेतून प्रकाश सोडून मोजणारे हे चिमट्यासारखे उपकरण त्या वर्षी देवघरातील निरांजनाइतके घरोघर आढळू लागले होते. ‘ताप, खोकला, कोणाला काही?’ या प्रश्नाला उंबरठ्याआडून एकमुखाने ‘नाही’ असे उत्तर येई आणि त्या उत्तराच्या अखेरीस आतल्या खोलीतून आजोबांचा उबळीचा खोकला ऐकू येई, तेव्हा आतील टीव्हीचा आवाज वाढवण्यात येई. दिवसाला पन्नासएक घरे पालथी घालणाऱ्या या बायकांना खरे-खोटे कळत नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. पाणी मागण्याच्या निमित्ताने दोन मिनिटे दारात रेंगाळून आतला खोकला पुन्हा येण्याची वाट पाहणे, हे तंत्र कोणत्याही प्रशिक्षणपुस्तिकेत नव्हते आणि तरीही ते त्यांना अवगत होते.

एवढे करूनही जो मनुष्य चाचणी केंद्रापर्यंत पोचे, तो बहुतेक वेळा महापालिकेच्या शाळेत पोचे. बाराखडीच्या तक्त्याखाली, पहिलीच्या बाकावर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेल्या प्रौढ नागरिकांची ही सभा नि:शब्द असे, कारण प्रत्येकाची खात्री असे, की आपण स्वतः केवळ खबरदारी म्हणून आलो आहोत आणि शेजारचा मात्र खरोखर आजारी आहे. जमिनीवर आखलेली वर्तुळे पहिल्या तासात पाळली जात. दुसऱ्या तासात चपला, पिशव्या आणि हेल्मेटे वर्तुळांत उभी करून त्यांचे मालक एकत्र सावलीत थांबत. नमुना घेणारा कर्मचारी नखशिखान्त पांढऱ्या वेष्टनात असल्याने त्याचे नाव छातीवर मार्करने लिहिलेले असे. एप्रिल-मे महिन्यांत त्या वेष्टनात सहा-सहा तास उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना रांगेत अर्ध्या तासात वैतागणाऱ्यांना सहसा येत नसे.

स्वॅब म्हणजे टोकाशी बारीक तंतूंचा बोळा असलेली लवचीक काडी, जी नाकपुडीतून सरळ मागे, नाक आणि घसा जेथे एकत्र येतात तेथपर्यंत नेऊन फिरवली जाते आणि नंतर विषाणू टिकून राहावा अशा द्रावणाच्या नळीत बुडवून थंड पेटीतून प्रयोगशाळेकडे धाडली जाते. ही काडी मेंदूस स्पर्श करते, अशी वदंता सर्वत्र होती. शरीररचनाशास्त्र तिला दुजोरा देत नाही. नाक आणि मेंदू यांच्यामध्ये हाड असते आणि काडीची वाट त्याच्या खालून जाते. तथापि काडी आत असताना बोलण्याची सवय न सुटलेले लोक, ‘झालं?’ हा प्रश्न ती आत जाण्यापूर्वीच विचारणारे लोक आणि मान मागे घेत घेत खुर्चीसह भिंतीपर्यंत सरकणारे लोक पाहता, कर्मचाऱ्यांना या विधानातील मेंदूच्या अस्तित्वाविषयीच शंका आल्यास त्यांना दोष देता येणार नाही. डोळ्यांत पाणी येणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असूनही बाहेर पडणारे पुरुष ‘ऊन फार आहे’ असे सांगत.

प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर या चाचणीत जे घडते त्याचे तत्त्व कॅरी मुलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1983 साली मांडले आणि त्याबद्दल त्यास 1993 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूची जनुकीय माहिती आरएनए या रेणूत असते. तिचे आधी डीएनएमध्ये रूपांतर करून मग त्या डीएनएच्या प्रती काढल्या जातात आणि प्रत्येक आवर्तनात त्या दुप्पट होतात, म्हणजे एका प्रतीपासून 35 आवर्तनांत, तत्त्वतः, 3,400 कोटींहून अधिक. ज्या आवर्तनाला यंत्रास या प्रतींची चमक प्रथम जाणवते, त्याचा आकडा म्हणजे सीटी मूल्य. नमुन्यात विषाणू जितका जास्त, तितका तो लवकर दिसतो आणि आकडा तितका लहान येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 35 ही मर्यादा सांगितली होती. गल्लीतील बातमीला मात्र एवढी आवर्तने कधीच लागली नाहीत. फाटकावरचा वॉचमन, इस्त्रीवाला, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि व्हॉट्सॲपवरचा समूह अशा चार आवर्तनांत ती सर्वत्र दिसू लागे.

सीटी मूल्याबरोबर आणखी एक आकडा लोकव्यवहारात आला. छातीच्या एचआरसीटी या क्ष-किरण तपासणीत फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी पाचपैकी गुण देऊन, किती भाग बाधित आहे ते पंचविसांपैकी सांगितले जाई आणि त्यास स्कोअर म्हणत. दहावीच्या टक्क्यांवर वाढलेल्या समाजाला या दोन्ही आकड्यांची गोडी लागणे अपरिहार्य होते. अडचण अशी झाली, की एका परीक्षेत अधिक गुण चांगले होते आणि दुसऱ्या परीक्षेत कमी. त्यामुळे ‘यांचा तेवीस आला’ असे सांगणाऱ्या गृहिणीचे सांत्वन करावे की अभिनंदन, हे दूरध्वनीवरील नातेवाइकांना चटकन उमगत नसे आणि ते ‘अरे वा’ व ‘अरेरे’ यांच्या मधला एक उद्गार काढून पुढच्या वाक्याची वाट पाहत. तेवीस हे सीटी मूल्य असेल तर तो मनुष्य बहुधा घरी बसून मालिका पाहत असे. एचआरसीटीचा स्कोअर असेल तर त्याच्यासाठी खाट शोधणे चालू असे. एप्रिल 2021 मधल्या त्या शोधाविषयी विनोद करण्यासारखे काही नाही.

अहवाल आधी कोणाला कळावा, हा वाद स्वतंत्र होता. जून 2020 मध्ये मुंबई महापालिकेने प्रयोगशाळांना बाधित असल्याचा अहवाल थेट रुग्णाच्या हाती न देता आधी पालिकेकडे पाठवण्यास सांगितले, कारण अहवाल मिळताच लोक गरज नसताना खाटा अडवून बसतात, असा तिचा अनुभव होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रुग्णास व त्याच्या नातेवाइकांस अहवाल मिळाला पाहिजे असे सांगितल्यावर हा क्रम बदलला. त्या मधल्या दिवसांत रुग्णाला आपले निदान विभाग कार्यालयातील दूरध्वनीवरून, फवारणी करणाऱ्या माणसाकडून किंवा समोरच्या बाल्कनीतून कळण्याचा संभव होता. आपल्या प्रकृतीची बातमी आपल्याला सर्वांत शेवटी कळावी, ही एकत्र कुटुंबातील जुनी प्रथा या निमित्ताने प्रशासनाने स्वीकारली, असे म्हणता येईल. काही नागरिकांनी चाचणीच्या अर्जात मोबाइल क्रमांक एका आकड्याने चुकवून किंवा पत्ता ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढाच लिहून यंत्रणेस प्रत्युत्तर दिले. ज्या शहरात मारुतीची देवळे प्रत्येक पेठेत आहेत, तेथे या पत्त्याचा माग काढणे हे साथरोगशास्त्राच्या आवाक्याबाहेरचे काम होते.

याच काळात टाळण्याची वस्तू मागण्याची वस्तू झाली आणि या परिवर्तनाचे श्रेय प्रवासाला द्यावे लागते. 2020 सालची गणेश चतुर्थी 22 ऑगस्टला होती आणि कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना, म्हणजे मुंबईत नोकरी करून सणाला गावी परतणाऱ्या मंडळींना, 12 ऑगस्टनंतर जायचे असल्यास 48 तासांच्या आतील चाचणी बंधनकारक झाली. जो मनुष्य मेपासून साध्या सर्दीच्या सिद्धान्तावर ठाम होता, तो आता भल्या पहाटे प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून ‘जरा नीट घ्या नमुना, रिपोर्ट निगेटिव्ह लागतो’ असे बजावू लागला. गावात पोचल्यावर ‘रिपोर्ट हाडलंस काय?’ हा प्रश्न ‘कधी इलंस?’च्या आधी विचारला जाई. अहवाल दाखवल्यावर तो चुलत्याकडून, सरपंचाकडून आणि वाडीतल्या दहावी शिकलेल्या मुलाकडून वाचून घेतला जाई आणि मग पाहुण्याला पडवीतच बसवून चहा दिला जाई, तोही कागदी पेल्यात.

नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोवा येथून महाराष्ट्रात येणाऱ्यांना निगेटिव्ह अहवाल सक्तीचा झाला, तेव्हा विमानाने येणाऱ्यासाठी तो 72 तासांतला आणि रेल्वेने येणाऱ्यासाठी 96 तासांतला असावा, असे ठरले. म्हणजे एकच नाक एकाच नमुन्याच्या बळावर चौथ्या दिवशी विमानतळावर संशयास्पद आणि रेल्वेस्थानकावर निर्दोष ठरू शकत होते. नियमामागे प्रवासाच्या कालावधीचा विचार होता हे उघड आहे. परंतु फ्रीजमधल्या कोथिंबिरीपेक्षा लवकर शिळा होणारा दाखला महसुली परंपरेत यापूर्वी आढळलेला नाही आणि उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांसाठी मिळवून निर्धास्त राहणाऱ्या समाजाला त्याचा धक्का बसणे साहजिक होते. कित्येकांनी तो लॅमिनेट करून घेतला.

दाखला हा बक्षीस असेल, तर चाचणी ही शिक्षाही असू शकते, याचा शोध 2021 च्या उन्हाळ्यात लागला. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत विनाकारण फिरणाऱ्यांना पोलिस भर रस्त्यात उठाबशा काढायला लावत. दुसऱ्या लाटेत अनेक शहरांनी त्याऐवजी चौकातच टेबल मांडून अँटिजेन चाचणी सुरू केली. ही चाचणी विषाणूच्या पृष्ठभागावरील वा आतील प्रथिने शोधते, तिला यंत्र लागत नाही आणि निकाल अर्ध्या तासाच्या आत येतो. ती आरटी-पीसीआरइतकी संवेदनशील नसते, तरी चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या संवेदना जाग्या करण्यास पुरेशी होती. औषध आणायला निघालो आहे असे सांगणाऱ्याच्या पिशवीत कलिंगड निघे, सकाळी फिरायला आलेला गृहस्थ आपण दूध आणायला आलो असल्याचे सांगे आणि ते दूध पाच किलोमीटर अंतरावरून का आणावे लागते, याचे उत्तर जुळवत असतानाच त्याच्या नाकात काडी जाई. निकाल पॉझिटिव्ह आल्यास तेथूनच थेट कोविड केंद्रात रवानगी होई, त्यामुळे घरच्यांना ‘कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो’ म्हणून निघालेला मनुष्य दहा दिवसांनी परते. उठाबशांनी जे साधले नव्हते, ते चौकातील या टेबलाने साधले, असे त्या शहरांतील सकाळच्या रस्त्यांकडे पाहून वाटत असे.

मे 2021 मध्ये मायलॅबच्याच घरगुती चाचणीसंचास मान्यता मिळाली आणि 250 रुपयांत, पंधरा मिनिटांत, शाळेच्या बाकाशिवाय निदान शक्य झाले. नाकातील नमुना द्रावणात मिसळून त्याचे थेंब पट्टीवर सोडावयाचे; ‘सी’ या अक्षरापाशी उमटणारी रेघ चाचणी व्यवस्थित झाल्याचे सांगते आणि ‘टी’ या अक्षरापाशीही रेघ उमटल्यास विषाणू आहे, असे समजावयाचे. वीस मिनिटांनंतर दिसणारे काहीही ग्राह्य धरू नये, अशी सूचना होती. मराठी कुटुंबात मतभेद मिटण्यास वीस मिनिटे कधीच पुरलेली नसल्याने पट्टी खिडकीपाशी, मोबाइलच्या विजेरीखाली आणि आजीच्या भिंगातून तासभर वाचली जाई, फिकट रेघेला सून ‘आहे’ म्हणे, सासू ‘ओल आहे’ म्हणे आणि मुलगा दोन्ही बाजूंना मान डोलावून दुसरा संच आणायला जाई. निकाल ॲपवर छायाचित्रासह नोंदवणे अपेक्षित होते. जानेवारी 2022 मधल्या ओमायक्रॉनच्या लाटेत मुंबई महापालिकेने अशा संचांच्या विक्रीची नोंद ठेवण्यास औषध दुकानदारांना सांगितले, यावरून ती अपेक्षा कितपत पूर्ण होत होती याची कल्पना येते.

नोंद टाळता आली, तरी पट्टी नाहीशी करता येत नव्हती. वापरलेले साहित्य बंद पिशवीत घालून टाकावे, असे वेष्टनावर छापलेले असे. ते ओल्या कचऱ्यात टाकावे की सुक्या, हा प्रश्न घंटागाडीवरील ताईंनी विचारल्यास उत्तर देण्यासाठी आधी ती आपली असल्याचे कबूल करावे लागे, म्हणून बी विंगमधील पट्टी रात्री उशिरा ए विंगच्या डब्यात जाऊन पडे. सकाळी ती दोन रेघांसह सापडली, की सूचनाफलकावर ‘संबंधितांनी कार्यालयाशी संपर्क साधावा’ असा कागद लागे, एकही संबंधित पुढे येत नसे आणि दुसरी रेघ खरोखर आहे की नाही याची शहानिशा करण्यासाठी कार्यकारिणीचे सातही सदस्य, चष्म्यांवर वाफ धरू नये म्हणून मुखपट्ट्या हनुवटीवर ओढून, खांद्याला खांदा लावून त्या डब्यावर वाकलेले दिसत.